एका तारेवर चौदा घरं

शेतकी सोसायटीचे चेअरमन माइकचं बटण बंद करायला विसरले, आणि "आमच्या हिच्या हातचं लोणचं म्हणजे मिठात भिजवलेली सुतळी" हे त्यांचं वाक्य सकाळी सव्वासहा वाजता कुरुमिझावातल्या दोनशे साठ घरांत एकदम ऐकू गेलं. त्याच्या आधी ते गारठा वाढणार आहे, तुतीची कोवळी पानं झाका, असं गंभीरपणे सांगत होते. चेअरमनबाईंनी पुढे महिनाभर ताटात लोणचं वाढलं नाही. शेजारणींना दया आली, त्यांनी आपापल्या बरण्या पाठवल्या. बाईंनी त्या न उघडता परत केल्या. आणि खरी मजा पुढेच आहे. रस्त्यात, देवळात, बस थांब्यावर, कुठेही कुणी त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ऐकलं सगळ्यांनी, पण ऐकलं असं म्हणायचं नाही. डोंगरातल्या माणसांची ही जुनी सवय, आणि या गोष्टीत तिचंच काम जास्त आहे.

त्या दिवशी झेप घालून ते बटण बंद करणारी बाई म्हणजे किकुनो आरुगा, सोसायटीच्या एक्स्चेंजवरची ऑपरेटर. उंचीला बेताची, चालायला चपळ, केस मागे घट्ट बांधलेले, आणि आवाज असा की सकाळच्या गारठ्यात तो आला की माणसाला वाटावं, आपल्याच घरातलं कुणीतरी चूल पेटवून हाक मारतंय. लढाईत नवरा गेलेला, घरी तेव्हा म्हातारी सासू, एक मुलगी. एकोणीसशे सत्तावन्न साली सोसायटीने गावभर तारा ओढल्या आणि ऑपरेटर हवी म्हणून विचारलं, तेव्हा किकुनोबाई रेशमाच्या किड्यांना पाला घालत होती. हातातली टोपली खाली ठेवून ती आली, ती तिथेच राहिली.

हा फोन सरकारी नव्हे. घरच्या खांबावर एक लाकडी पेटी, पेटीत कर्णा, बाजूला रिसीव्हर. नंबर फिरवायची भानगड नाही. रिसीव्हर उचलला की किकुनोबाई "बोला" म्हणायची. कुणाला बोलवायचं असेल तर ती कर्ण्यावरून नाव पुकारायची: "वरच्या वस्तीतल्या अमुक घरी फोन आहे हो." आता वरच्या वस्तीला तार एकच, आणि तिच्यावर घरं चौदा. नाव पुकारलं की ज्याचा फोन तो उचलायचा, आणि उरलेली तेरा घरंही हळूच उचलायची. श्वास रोखून, पेटीवर रुमाल टाकून.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण त्या तारेची खोड अशी की जितके कान लागतील तितका आवाज बारीक व्हायचा. दोघांनी ऐकलं तर चालायचं. पाच जण लागले की बोलणारा विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. दहा झाले की डासाची गुणगुण. मग बोलणारा वैतागून ऑपरेटरला बोलवायचा, आणि किकुनोबाई मध्ये येऊन अगदी आदबीने म्हणायची, "ऐकणाऱ्या मंडळींनी कृपा करून खाली ठेवावं." त्यावर पाणचक्कीच्या घरची सेकी आजी दर वेळी ठासून सांगायची, "मी केव्हाच ठेवलाय!"

किकुनोबाईला कान लावताच कळायचं कोण कोण आहे ते. सेकी आजीच्या मागे पाणचक्कीची धडधड. टोफूवालीच्या मागे तिची शेळी. कुणाच्या घरी किडे पाला खात असायचे, त्याचा आवाज कढईत तीळ तडतडल्यासारखा. गिसाबुरो आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ एक ठोका अडखळून पुढे जायचं. पण हे ती कुणाला सांगत नसे. फोन जोडला, "आवाज पोचतोय ना?" विचारलं, की ऐकायचा खटका खाली. आत काय बोलणं चाललंय ते तिने नऊ वर्षांत एकदाही ऐकलं नाही. गावाचा यावर विश्वास होता, आणि गाव स्वतः काय करतं ते माहीत असल्यामुळे तर फारच होता. एकोणसाठ सालच्या तुफानात नदी चढली तेव्हा ही बाई दोन दिवस खुर्चीवरून उठली नाही. एकेक घर पुकारून पुकारून तिने खालची वस्ती शाळेत हलवली, आणि आवाज बसला तरी पुकारत राहिली. पुढे आठवडाभर तिच्या दारात मुळे, अंडी, मध असं काय काय येऊन पडत होतं, ठेवणाऱ्याचं नाव नाही.

तर आता गोष्ट सहासष्ट सालच्या शरदातली.

किकुनोबाईची मुलगी सुमिए, बावीस वर्षांची. आईसारखीच चपळ, फक्त उंच. गावाबाहेर पूर्वी रेशीम उकलायची लांबलचक शेड होती. रेशमाचे दिवस संपले आणि तिथे कॅमेऱ्याची भिंगं घासायचा कारखाना आला. ज्या बाकावर आया कोश उकळून हात पांढरे करत होत्या, त्याच बाकावर मुली पांढरे कोट घालून भिंगं पुसू लागल्या, पगाराच्या पाकिटातून आईला टीव्ही घेऊन देऊ लागल्या. सुमिए तिथेच. आणि तिथेच शुन्साकु मियाशिता, डोंगरापलीकडच्या शिमोओदाचा, मशीन दुरुस्त करणारा. दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच भिंतीला टेकून जेवायची. तीन महिने भिंतीला टेकून झाल्यावर त्यांनी आपसात ठरवून टाकलं.

आपसात ठरवायचे दिवस आले होते खरे, पण घरोघरी अजून पोचले नव्हते. शुन्साकुची आई तोमेयोबाई. शिमोओदात त्यांचा मिसो घालायचा पिढीजात धंदा. माणसाएवढ्या उंच पिंपांत खारवलेलं सोयाबीन तीन तीन वर्षं मुरतं, तेव्हा मिसो होतो. बाईचा स्वभावही तसाच, घाई नाही. मुलाने सांगितल्यावर ती म्हणाली, "प्रेम करायचं तेवढं कर. फोरमनला मध्यस्थ म्हणून बसवायचं तर बसव. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस होणार. माझी झाली, माझ्या सासूची झाली, हिचीही होणार."

विचारपूस म्हणजे मुलीच्या तीन शेजाऱ्यांना विचारायचं, मुलगी कशी, घर कसं, कुणाला काही आजार नाही ना. पूर्वी त्यासाठी माणूस डोंगर ओलांडून यायचा, चहा प्यायचा, आणि उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघायचा. पण आता दोन्ही गावं सरकारी कागदावर एक झाली होती, एक्स्चेंजला एक्स्चेंज जोडलं होतं, आणि तोमेयोबाईने ठरवलं, बसचा हेलपाटा कशाला? फोनवरच विचारू.

डोंगरापलीकडून ही चूक सहज होण्यासारखी होती. तिकडे तारेवर चार घरं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला एक्स्चेंजच्या बोर्डावर शिमोओदाचा दिवा लागला. "एक्स्चेंज, वरच्या वस्तीतली टोफूवाली द्या."

किकुनोबाईने आवाज ओळखला नाही, पण शिमोओदाहून टोफूवालीला कोण कशाला बोलवणार, हे तिला लख्ख समजलं. तिने कर्ण्यावरून नाव पुकारलं, पिन लावली, खटका खाली केला, आणि हात मांडीवर ठेवून बसली. पाच मिनिटांनी दिवा विझला. टोफूवाली काय बोलली ते पुढे गावाला कळलंच: "मुलगी निरोगी, पाय घोड्यासारखे, आणि टोफू उधार नेत नाही." दुसरा फोन सेकी आजीला. तिने पंधरा मिनिटं स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि शेवटी "मुलगी सोनं आहे" म्हणून मोकळी झाली.

मग तिसरा. "गिसाबुरो कारासावा द्या."

इथे किकुनोबाईने उचललेली पिन पुन्हा खाली ठेवली.

गिसाबुरो आजोबा तिचे अगदी भिंतीला भिंत लागून शेजारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळ्या खोऱ्यात त्यांची ख्याती अशी की हा माणूस खोटं बोलत नाही आणि घाईही करत नाही. एकदा निवडणुकीच्या उमेदवाराने त्यांना विचारलं, "आजोबा, माझं भाषण कसं झालं?" आजोबा विचार करत बसले. उमेदवार निवडून आला, चार वर्षं पदावर बसला, पडला, तेव्हा आजोबा त्याला वाटेत गाठून म्हणाले, "लांबलं होतं."

आणि गिसाबुरो आजोबांना माहीत होतं. जी गोष्ट किकुनोबाईने वीस वर्षं सुमिएला सांगितली नव्हती, ती त्यांना माहीत होती. वस्तीतल्या जुन्या माणसांनाही अंदाज होता. पण अंदाज वेगळा, आणि शिमोओदाच्या बाईला तारेवरून दिलेलं उत्तर वेगळं.

तिने नाव पुकारलं, पिन लावली. खटका खाली केला.

दोन मिनिटांत शिमोओदाचा दिवा फडफडायला लागला. बाई बोलवत होती. खटका वर करणं भाग होतं.

"एक्स्चेंज! अहो, काही ऐकूच येत नाही! हे म्हातारबाबा बोलतायत की झोपलेत?"

"आहे मी," लांबून, अगदी लांबून गिसाबुरो आजोबांचा आवाज आला. "विचार करतोय."

किकुनोबाईच्या कानात पाणचक्की धडधडली, शेळी ओरडली, कुठे टीव्ही, कुठे रडणारं तान्हं, कुठे तीळ तडतडले. तिला मोजावंच लागलं नाही. बारा घरं. आजोबांचं आणि तिचं स्वतःचं बंद घर सोडून सगळी वस्ती तारेला चिकटली होती.

"मी पुन्हा विचारते," तोमेयोबाई ओरडून बोलत होती, "कुणीतरी माझ्या कानावर घातलंय म्हणून विचारते. ती मुलगी त्या बाईच्या पोटची आहे का? की मांचुरियाहून येताना कुणाची उचलून आणलीय? एवढं सांगा!"

किकुनोबाईचा हात पिनेवर होता. ओढायची म्हटलं तर एक पिन. तारा तुटतच असतात, खारी कुरतडतात, फांदी पडते, कुणी विचारत नाही. फोन तुटला की बाई कंटाळेल, दोन शेजारी पुरे म्हणेल. नाहीतर नुसतं गप्प बसायचं. बारा घरांच्या कानांनी तो आवाज असा पिऊन टाकला होता की म्हाताऱ्याचं उत्तर डोंगरापलीकडे पोचलंच नसतं. सुमिएचं लग्न त्या बारीक आवाजावर टांगलं होतं.

पण नऊ वर्षं ज्या कुणी तक्रार केली त्याचा आवाज तिने मोकळा करून दिला होता. हीही तक्रारच होती.

"वरच्या वस्तीतल्या मंडळींनो," ती म्हणाली, आणि तिचा तो नेहमीचा आवाज मध्येच फाटला, "ऐकणाऱ्यांनी कृपा करून खाली ठेवावं."

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, कुणी काही न बोलता, सगळ्यांनी ठेवलं. खट्. खट्. खट्. पाणचक्की गेली, शेळी गेली, तान्हं गेलं. सेकी आजीनेसुद्धा "केव्हाच ठेवलाय" म्हटलं नाही. तार अशी स्वच्छ झाली की गिसाबुरो आजोबांचं घड्याळ अडखळलेलं शिमोओदापर्यंत ऐकू गेलं.

खटका खाली करायची वेळ होती. किकुनोबाईने तो केला नाही.

आजोबा खाकरले. "सेहेचाळीस सालचा ऑक्टोबर. मी हातगाडी घेऊन स्टेशनावर खत आणायला गेलो होतो. गाडीतून ही उतरली. डोकं भादरलेलं, पुरुषाचा कोट, पाठीला पोर बांधलेलं. गावातून मांचुरियात शेती करायला गेली तेव्हा दोघं नवराबायको आणि तीन महिन्यांची सुमिए, असे तिघं गेले होते. मी विचारलं, ही कोण? म्हणाली, सुमिए. मी खत तिथेच टाकलं, दोघींना गाडीत बसवलं, चढाला लागलो. निम्म्या चढावर पोर बोललं. म्हणालं, 'नाओला भूक लागलीय.'"

घड्याळ पुढे गेलं.

"नाओ. स्वतःचं नाव सांगितलं पोराने. हिने ऐकलं, मी ऐकलं. कुणी बोललं नाही. माझ्याजवळ रताळं होतं, ते दिलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, शेजारची सुमिए आली. ते खोटं झालं की नाही, याचा मी वीस वर्षं विचार करतोय."

"म्हणजे पोटची नाही," तोमेयोबाई म्हणाली.

"नाही. तुम्ही विचारलंत, पोटची का? तर नाही. तिची मुलगी का, असं तुम्ही अजून विचारलं नाहीत."

मग तोमेयोबाईने विचारलं, हळू, "बरं. तिची मुलगी का?"

"हो. या बाबतीत मला विचार करावा लागला नाही. माझा चहा गार झालाय."

आता किकुनोबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "मियाशिताबाई, मी एक्स्चेंज बोलतेय. मीच किकुनो आरुगा. मी ऐकलं. ऐकायचं नसतं, पण ऐकलं. आजोबांनी सांगितलं ते खरं आहे. त्यांना माहीत नाही ते मी सांगते. माझी सुमिए लढाईनंतर तिकडच्या निर्वासितांच्या छावणीत गोवराने गेली. अकराव्या दिवशी शेजारच्या चटईवरची बाई तापाने गेली, तिची मुलगी उरली. कागदावर सुमिएचं नाव होतं, घरी परतायच्या बोटीवर चढायला कागद लागत होता. मी त्या नावाने हिला चढवलं. मग कधी उतरवताच आलं नाही. मुलीला यातलं काही माहीत नाही. दोष तिचा नाही."

हे चाललेलं असताना आवाज पुन्हा बारीक होत चालला होता. उचलून बघावं तर एक्स्चेंजचा आवाज तारेवर! असं कधी झालं नव्हतं. पेटीजवळ उभं राहून कोण किती वेळ धीर धरणार? पाणचक्की परत आली. शेळी आली. आणि तोमेयोबाई जे बोलली, सगळ्या जन्माचं जे उत्तर होतं ते, किकुनोबाईला डासाच्या गुणगुणीएवढं आलं आणि विरून गेलं.

"काय म्हणालात? मियाशिताबाई? अहो, ठेवा ना खाली! मंडळी, ठेवा!"

"मी केव्हाच ठेवलाय!" सेकी आजी म्हणाली, आणि रडत होती.

शिमोओदाचा दिवा विझला.

मग फोनच फोन. "किकुनोबाई, मी काही ऐकत नव्हते हं, पण मला वाटतं ती 'नको' म्हणाली." "छे, 'उद्या' म्हणाली. मी पेटी पुसत होतो म्हणून कानावर आलं." एकाने शपथेवर सांगितलं की बाई मुळ्याबद्दल काहीतरी बोलली. गिसाबुरो आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "ऐकलं खरं. काय ऐकलं याचा विचार करतोय."

किकुनोबाईने कानावरचे हेडफोन काढले. बाई काय म्हणाली ते पुढे कळेल. पण बारा घरांनी ऐकलं होतं, आणि संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत ते कारखान्याच्या दारात पोचणार होतं. सुमिएला ते दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. तिने खाली हाक मारली, "चेअरमनसाहेब, जरा बसता का इथे?"

"मी?" चेअरमन घाबरले. "मला पिना कळत नाहीत."

"कुणालाही कुणाशीही जोडा. आज सगळ्यांना एकच बोलायचंय." आणि ती सायकल काढून गेली सुद्धा. चेअरमननी त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरला शाळेशी जोडलं आणि हेडमास्तरांनी गाईला काय द्यावं ते शांतपणे सांगितलं, पण ते असो.

कारखान्याच्या मागे बाराच्या सुट्टीत सुमिए भिंतीला टेकून भाताचा लाडू खात होती. आईला कामाच्या वेळी बाहेर बघून ती उभीच राहिली. "आई! आजीचं काही..." मग आठवलं, आजी जाऊन तीन वर्षं झाली. "काय झालं?"

"बस खाली," किकुनोबाई म्हणाली. आणि उभ्या उभ्याच, सायकलचं हँडल धरून, तिने सांगितलं. आडवळण घेतलं नाही. घेतलं असतं तर तिला ते पूर्ण करता आलं नसतं.

सुमिएने ऐकलं. हातातला लाडू तसाच. मग तिने तो खाल्ला, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"आजीला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. तुला अंघोळ घालताना म्हणाली, 'मांडीवरचा तीळ दिसत नाही गं.' मी पाणी ओतत राहिले. म्हणाली, 'गेला असेल, हवापालट झाली की जातात.' पुन्हा कधी विषय नाही."

सुमिएला हसू आलं, आणि ते हसू मध्येच मोडलं. किकुनोबाईने सायकल सोडली, ती धाडकन पडली, कुणी उचलली नाही.

मग सुमिए म्हणाली, "आई, पितरांच्या देवघरात बाबांच्या नावाची पाटी आहे, आजोबांची आहे, आता आजीची आहे. त्या सुमिएची कुठे आहे?"

"कशी असेल?" किकुनोबाई म्हणाली. "कागदावर तू जिवंत आहेस. जिवंत माणसाची पाटी करायला कुठल्या भटजीला सांगू?"

"म्हणजे वीस वर्षं तिला कुणी भात दाखवला नाही?"

वीस वर्षं किकुनोबाई रोज देवघरात भाताची वाटी ठेवताना दोन दाणे बाजूला काढत होती, एवढंच.

तेवढ्यात घाट चढून आलेली शिमोओदाची बस कारखान्यापाशी थांबली आणि तोमेयोबाई उतरली. अंगावर कामाचा पांढरा एप्रन, त्याला मिसोचे डाग. आता अशी बाई, जी शेजारी मीठ मागायला जातानासुद्धा एप्रन सोडून जाते, ती एप्रनसकट दुसऱ्या गावात उतरली, यावरून काय ते समजा. ती सरळ त्या दोघींकडे आली. थोडी धापा टाकत होती.

"आरुगाबाई तुम्हीच ना? आवाजावरून उंच वाटला होतात." वाकून नमस्कार केला, तो ठरलेल्यापेक्षा बराच खाली. "मी फोनवर तीनदा सांगितलं, साडेअकराच्या बसने येतेय, कुठे जाऊ नका. ऐकलंत ना?"

"नाही," किकुनोबाई म्हणाली. "कुणीच नाही."

"कुणीच म्हणजे? किती लोक होते तारेवर?"

"बारा घरं."

"बारा!" तोमेयोबाईने कपाळाला हात लावला. "माझी विचारपूस बारा घरांनी ऐकली! आणि हे सगळे लग्नाला येणार?"

"न बोलावता येतील."

लग्न हा शब्द तोंडातून निघून गेलाय हे तोमेयोबाईच्या एका क्षणाने लक्षात आलं. तिने तो मागे घेतला नाही. ती उतारावर बसली, एप्रन गुडघ्यांवर सारखा केला. "चाळीस मिनिटं आहे बस. फोन ठेवला तेव्हा मी चिडले होते, खोटं कशाला सांगू? वाटलं, कुठली, कुणाची, काय ठाऊक. आणि मग घाटात आठवलं. माझा धाकटा भाऊ पण तिकडेच गेला होता. बायको, दोन मुलगे. कुणीच आलं नाही. हाडं नाहीत, तारीख नाही. घाटभर मी एकच बघत बसले: कुणाच्यातरी पाठीवर ते आले असते तर? आले असते तर मी विचारलं असतं का, ही पोरं कुणाची म्हणून?" ती थांबली. मग सुमिएकडे वळून जरा रागानेच म्हणाली, "तू त्यांची नाहीस हं, उगाच मनात आणू नकोस. ते दोघे मुलगे होते."

"हो, काकू," सुमिए म्हणाली.

"काकू नको. आई म्हणायची सवय कर, वेळ लागतो."

"आधी एक काम आहे," सुमिए म्हणाली, आणि तिचा आवाज नेमका किकुनोबाईचा होता, कर्ण्यावरचा. "माझ्या नावाची एक मुलगी आहे. तिची पाटी करायची. लग्नाच्या आधी. तुमचं चालत नसेल तर तसं आत्ताच सांगा."

किकुनोबाईने दचकून तोमेयोबाईकडे पाहिलं. इतकं सुरळीत चाललं असताना पोरीने हे काय काढलं?

तोमेयोबाईने पिंपातला मिसो चाखतात तसा थोडा वेळ घेतला. "माझ्या घरी भावाच्या त्या दोन मुलांच्या पाट्या आहेत. त्यांना खेळायला तिसरं कुणी नाही," ती म्हणाली. "तुमचा भटजी नाही म्हणाला तर आमचा करेल. माझ्याकडून फुकट मिसो खातो तो." मग किकुनोबाईला, "किती वर्षांची होती?"

"पावणेतीन."

"माझ्याहून मोठी की लहान?" सुमिएने विचारलं.

"तुझी आई म्हणाली होती, तू थंडी संपताना झालीस. म्हणजे ती दोन महिन्यांनी मोठी."

"म्हणजे ताई."

"ताई," किकुनोबाई म्हणाली. हा शब्द तिने त्या मुलीसाठी कधी वापरला नव्हता. तोंडात ठेवून बघितल्यासारखा तिने तो पुन्हा म्हटला.

आत भोंगा झाला, सुट्टी संपली. सुमिए हलली नाही. दारातून शुन्साकु धावत आला, आईला एप्रनमध्ये उतारावर बसलेली बघून जागच्या जागी थिजला, आणि त्याच्याकडे तिघींपैकी कुणीही लक्ष दिलं नाही.

"पहिला नैवेद्य आजच दाखवू," तोमेयोबाई म्हणत होती. "पाटी होईल तेव्हा होईल. पावणेतीन वर्षांच्या पोराला काय आवडतं? गोड काहीतरी. बस थांब्यावरच्या दुकानात बिस्किटं..."

"भोपळा," किकुनोबाई म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"भोपळा आवडायचा तिला. लाल भोपळा, गोडसर शिजवलेला. सालासकट खायची, आणि बिया गालात साठवून ठेवायची. काढायला गेलं की चावायची." ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी आपल्या मुलीबद्दल सांगत होती. "फार खोडकर होती हो. फार."

"मग चला," तोमेयोबाई उठून एप्रनची गाठ घट्ट करत म्हणाली. "माझी परतीची बस चारला. तुमच्याकडे मोठं पातेलं आहे ना? आणि ती सायकल उचला कुणीतरी. शुन्साकु, असा बघत काय उभा राहिलास?"